मोहोर बघून काढलेलं कर्ज आणि बुडालेले फुटबॉल क्लब

खारेवारा
मंडळी, आधी कबुली देतो. मी लीड्स युनायटेडवाला. वेंगुर्ल्याच्या बाजूला राहून यॉर्कशायरच्या क्लबपायी झोप घालवणारा माणूस शहाणा नसतोच, तेव्हा त्यावरचे टोमणे गृहीत धरले आहेत.

२००१ साली मी मडगावला कॉलेजात होतो. मेसच्या टीव्हीवर लीड्सला चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत व्हॅलेन्सियाकडून ३-० मार खाताना बघितलं. तरी आम्हाला वाटलं, पोरं तरणी आहेत, पुढच्या वर्षी नेतील कप. क्लबचे अध्यक्ष पीटर रिड्सडेल यांनाही तेच वाटलं होतं. फरक एवढाच, की आमच्या हातात चेकबुक नव्हतं. त्यांनी ६ कोटी पौंडांचं कर्ज उचललं. तारण काय, तर पुढच्या २५ वर्षांची तिकिटविक्री! रिओ फर्डिनांडला १ कोटी ८० लाखांना आणलं, बाकीच्यांचे पगारही त्याच तोलाचे. हिशेब असा, की दर वर्षी चॅम्पियन्स लीग खेळायची आणि तिथल्या पैशातून हप्ते भरायचे. त्या वर्षी लीड्स लीगमध्ये चौथं आलं, तेव्हा इंग्लंडला चॅम्पियन्स लीगच्या जागा तीनच. पुढच्या वर्षी जागा चार झाल्या, तर हे पाचवे. २००२ ला फर्डिनांड मँचेस्टर युनायटेडला गेला. कोणाला? मँचेस्टरला, आमच्या हाडवैऱ्याला! लीड्सवाल्याला हे सांगताना आजही घास उतरत नाही. रॉबी फाउलरला विकल्यावरही त्याच्या पगाराचा काही भाग लीड्सच भरत होतं. अध्यक्षांच्या ऑफिसात गोल्डफिश होते, तेसुद्धा भाड्याचे. २००४ ला वरच्या लीगमधून खाली, २००७ ला आणखी एक पायरी खाली. परत वर यायला २०२० उजाडलं.

आमच्याकडे आंब्याला मोहोर आला की काही जण लगेच बुलेट बुक करतात. त्यातलाच प्रकार.

आता हे का उगाळतोय? तर मी आमच्या गावच्या फुटबॉल मंडळाचा खजिनदार आहे. गेल्या वर्षी आम्ही तालुक्याच्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली आणि सगळ्यांच्या अंगात आलं. गोव्यातून दोन खेळाडू महिना पगारावर आणले, एक २५ हजार, दुसरा २० हजार. राहणं-जेवण मंडळाचं. बक्षिसातून फिटेल असं ठरलं. बक्षीस आलं नाही. आज देणं ३ लाख ४० हजार. त्यात दोघा खेळाडूंचा थकलेला पगार ९५ हजार, खानावळवाल्या काकूंचे ६२ हजार, गाडीवाल्याचे ३८ हजार आणि अध्यक्षांचे हातउसने १ लाख ४५ हजार. वर अध्यक्षांचं म्हणणं, "एक स्ट्रायकर आणूया, सगळं फिटतं."

रविवारी सभा आहे. प्रश्न दोन. चूक मागणाऱ्या खेळाडूची की देणाऱ्याची? आणि सभेत मी काय बोलू?

तुडतुडा
चूक मोहोराची. पुढचा प्रश्न विचारा.

बांगडाफ्राय
खारेवारा, तू खजिनदार आसस काय कीर्तनकार? पूर्वरंगात लीड्स, उत्तररंगात खानावळ. पण झकास लिवलंस. आता काकूंचे पैसे पयले दी, मगे बोलूया.

निवृत्त_मास्तर
लेख आवडला. एक शंका. आपण खेळाडूंना लेखी करार दिला होता काय? किती महिन्यांचा, हरल्यास काय, जखमी झाल्यास काय, हे कुठे नमूद आहे?

खारेवारा
मास्तर, करार व्हॉट्सअॅपवर आहे. "ओके दादा" आणि एक अंगठा.

तुडतुडा
कराराच्या कागदावर अंगठा उठवायची आपली परंपरा जुनीच. फक्त शाई गेली.

सीए_रत्नांग्री
मूळ प्रश्नावर. "पगार फार" हे एकट्याने काही सांगत नाही. पगार उत्पन्नाच्या किती टक्के, हे बघायचं. इंग्लंडच्या दुसऱ्या पातळीवर, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, कित्येक हंगामांत सगळ्या क्लबांचे मिळून पगार हे मिळून उत्पन्नाच्या १०० टक्क्यांवर गेलेत. दुकानात शंभर रुपये आले आणि नोकरांच्या पगारालाच एकशेपाच गेले. वीज, भाडं, माल अजून बाकी. असं दुकान आपल्या बाजारपेठेत दिवाळी बघणार नाही. तिथे चालतं, कारण वरच्या लीगमध्ये चढलं तर टीव्हीचे पैसे इतके मिळतात की सगळे त्याच एका तिकिटाच्या मागे. चढतात तिघेच. उरलेल्यांचे मालक दर वर्षी खिशातून भोक बुजवतात, आणि एक दिवस मालक कंटाळतो.

दुसरी गोष्ट वहीतली. खेळाडू ५ कोटींना घेतला, करार पाच वर्षांचा, तर वहीत दर वर्षी १ कोटीच खर्च पडतो. दोन वर्षांनी वहीत त्याची किंमत ३ कोटी. तेव्हा ४ ला विकला तर वही म्हणते १ कोटी नफा. खिसा म्हणतो १ कोटी तोटा. दोन्ही खरं. घरच्या अकादमीत वाढलेल्या पोराची वहीत किंमत शून्य, म्हणून त्याला विकला की सगळीच्या सगळी रक्कम नफा. गावचं पोरगं आधी का विकलं जातं, याचं कारण प्रशिक्षक नव्हे, हिशेबनीस सांगेल. २०२० मध्ये स्पेनचा बार्सिलोना आणि इटलीचा युव्हेंटस या क्लबांनी प्यानिच आणि आर्थर या खेळाडूंची अदलाबदल केली, एकाची किंमत लावली ६ कोटी युरो, दुसऱ्याची ७ कोटी २० लाख. हातात रोकड फिरली ती वरच्या फरकापुरती, पण दोघांच्या वहीत नफा दिसला.

कॅम्पनोऊचा_कावळा
आलात शेवटी आमच्या दारात! मी अलिबागचा, बार्सावाला, तेव्हा मीच सांगतो, म्हणजे बाहेरच्यांनी हसायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या नव्या अध्यक्षांनीच सांगितलं, की पगार उत्पन्नाच्या १०३ टक्के झालेत आणि कर्ज १३५ कोटी युरोंच्या घरात. मेस्सी निम्म्या पगारावर थांबायला तयार होता, तरी ला लिगाच्या, म्हणजे स्पेनच्या लीगच्या, पगारमर्यादेत त्याला बसवता येईना. तो रडत गेला, आम्ही इथे चहा गार करत बसलो.

त्याआधी काय झालं होतं? २०१७ ला नेमार गेला, २२ कोटी २० लाख युरो हातात आले. कोकणात जमीन विकलेल्या माणसाला जसा सगळा गाव पैसेवाला म्हणून ओळखतो आणि त्याच भावाने माल विकतो, तसं झालं. डेम्बेले, कुटिन्हो आणले, दोघेही शंभर कोटींच्या वरच्या भावात. आणि हो, म्हातारे होत चाललेल्यांना लांब लांब करार.

तुडतुडा
कावळ्या, शंभर कोटी युरो नव्हे, दहा कोटी. तुला बार्साने खजिनदार नेमायला हरकत नाही.

कॅम्पनोऊचा_कावळा
दहा कोटी, दहा कोटी. रुपयात विचार करत होतो. खजिनदारकी मिळाली तर खारेवाराला सहायक घेतो.

आंबेवाली
खारेवारा, तुमची उपमा गोड आहे पण चुकीची आहे. माझी देवगडला बाग आहे, म्हणून बोलते.

मोहोर बघून बाग कराराने घेतो तो व्यापारी. तो वेडा नसतो. तुडतुडे पडतील, अवकाळी येईल, वाटाण्याएवढी फळं गळून जातील, हे सगळं धरून तो भाव पाडून मागतो. जोखीम घेतो आणि जोखमीचे पैसेही कापून घेतो. तुमचं लीड्स त्या व्यापाऱ्याच्या जागी नाहीच. लीड्स बागवाल्याच्या जागी आहे, ज्याने पुढच्या २५ वर्षांचं पीक आजच देऊन टाकलं आणि त्या पैशात शेजाऱ्याच्या बागेतली मोठी कलमं उचलून लावली, चढ्या भावाने. कलम जगलं तरी पीक दुसऱ्याचंच.

आणखी एक. आमच्याकडे कल्टार घालतात. दर वर्षी फळ यावं म्हणून मुळाशी औषध. पहिली दोन-तीन वर्षं झाड असं लदबदतं की शेजारी जळतात. पण तेवढं शेणखत, तेवढी छाटणी, तेवढी निगा ठेवली नाही तर झाड दमतं, फांद्या सुकायला लागतात. औषध वाईट नाही, मीही घालते. पण बागेच्या वयाला आणि मातीला झेपेल तेवढंच. बाहेरून आणलेला भारी खेळाडू म्हणजे कल्टार. खाली मातीच नसेल, म्हणजे गावची पोरं, मैदान, शिकवणारा माणूस, तर दोन वर्षं फोटो काढून घ्या.

सीए_रत्नांग्री
आंबेवाली, हा प्रतिसाद मी छापून ऑफिसात लावणार. बार्सानेही २०२२ मध्ये हेच केलं. ला लिगाच्या टीव्ही उत्पन्नातला एक चतुर्थांश वाटा २५ वर्षांसाठी एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीला विकला. पुन्हा २५ वर्षं!

बांगडाफ्राय
म्हंजे बाग पंचवीस वर्सां दुसऱ्याची, आणि राखणीक कुत्रो आपलो.

दर्यावर्दी
सगळे पगाराच्या मागे लागलेत म्हणून जरा उलटं बोलतो. माझे हर्णैला दोन ट्रॉलर आहेत.

चांगल्या तांडेलासाठी, म्हणजे बोटीच्या म्होरक्यासाठी, आमच्याकडे मालकांची चढाओढ असते. मासा कुठे आहे हे ज्याला कळतं, त्याला जादा द्यावे लागतात, आगाऊ द्यावे लागतात. ऑगस्टमध्ये पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की आगाऊ घेऊन खलाशी दुसऱ्या बोटीवर दिसतो, हेही होतं. पण मी कधी ऐकलं नाही की तांडेलाच्या पगाराने बोट बुडाली. बोट बुडते ती डिझेल-बर्फ उधारीवर घेतल्याने. ज्याने पैसे पुरवले तोच बंदरावर मासळी घेतो, आणि भाव तो म्हणेल तो. स्वस्तातला तांडेल ठेवून तुम्ही खर्च वाचवाल, आणि रिकामं जाळं ओढत याल. त्यामुळे खारेवारा, खेळाडूला दोष देऊ नका. त्याने किंमत सांगितली. तुम्ही कुणाच्या पैशावर ती मान्य केलीत ते बघा.

बांगडाफ्राय
दर्यावर्दी, ट्रॉलरवाले तुमी, तुमका पगारच सुचतलो. आमच्या मालवणाक येवन रापण बघा. किनाऱ्यावरसून दोन बाजूंनी दोर ओढूचो, म्हातारे, पोरां, सगळे. मासो गावलो तर वाटो. जाळ्याचो वाटो, होडीचो वाटो, ओढणाऱ्याचो वाटो. नाय गावलो तर घराक जावन पेज. रापणीर कोणाचो पगार थकलेलो कधी ऐकलास?

दर्यावर्दी
नाही ऐकलं. पण रापणीवर पोरं येईनाशी झालीत हेही ऐकलंय. वाट्यावर घर चालत नाही म्हणूनच ती माझ्या बोटीवर पगार मागतात. त्यांना दोष द्याल?

बांगडाफ्राय
ह्या मात्र खरा.

आंबेवाली
दोघांचंही घ्या ना. थोडा पगार, थोडा वाटा. सगळा पगार ठेवला तर हरल्याचा भार एकट्या क्लबवर, सगळा वाटा ठेवला तर एकट्या खेळाडूवर.

सीए_रत्नांग्री
मोठे क्लब हेच करतात, म्हणजे शहाणे असतील ते. खाली घसरलो तर पगार अमुक टक्के कमी, असं कलम करारातच असतं. सुंदरलँडने जॅक रॉडवेलच्या करारात ते घातलं नव्हतं. २०१७ ला क्लब घसरला आणि तो दुसऱ्या पातळीवर आठवड्याला ७० हजार पौंड घेत राहिला, खेळला जेमतेम. लोक त्याला शिव्या घालत होते. का घालाव्यात? कागद क्लबने केला होता. पुढच्या वर्षी सुंदरलँड आणखी खाली गेलं.

फातोर्डा_पूर्वस्टँड
मी मडगावचा, घरात मराठी-कोंकणी दोन्ही. तुम्ही सगळे इंग्लंड-स्पेनला फिरून आलात, जरा दाराबाहेर बघा.

२० मार्च २०२२. आमच्या फातोर्ड्याच्या मैदानावर आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, अंतिम सामना. हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवलं, कप उचलला. मी स्टँडात होतो, पिवळ्या जर्सीवाल्या केरळच्या लोकांत दबून. दोन वर्षांच्या आत त्याच हैदराबादमध्ये पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, फिफाने नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली आणि तो संघ तळाला गेला. पुढे संघ दिल्लीला हलला. त्या हैदराबादच्या आधी त्या जागी एफसी पुणे सिटी होता. तोही पैशापायीच बंद पडला. पहिल्या वर्षी, २०१४ ला, पुण्याने त्रेझेगे आणला होता, दिल्लीने देल पिएरो, आमच्या गोव्याने पिरेस, सगळे युरोपातले निवृत्तीला आलेले तारे. फोटो छान आलेत.

आणि ज्यांच्याकडे पगार नेमाने होत असत ते? आमच्या गोव्याचे जुने क्लब बघा: धेंपो पाच वेळा देशाचा विजेता, साळगांवकर दोनदा. २०१६ ला धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा असे तिघेही आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या जुन्या लीगमधून, बाहेर पडले, कारण भारतीय फुटबॉल महासंघाने आखलेल्या नव्या रचनेत त्यांना खालची पायरी मिळणार होती. सीए साहेब, तुमचे टक्के इथे लावा बघू. खर्च कितीही सांभाळा, वरची लीगच कुणाची तरी खाजगी असेल तर?

सीए_रत्नांग्री
मान्य. २०२५ च्या उन्हाळ्यात तेच झालं. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांचा करार संपत आलेला, नवा होईना, जुलैत आयएसएल लांबणीवर. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवले. तिथे पगार फार होते की नव्हते, हा प्रश्नच उरला नाही, सामने नव्हते. उत्पन्नाला एकच खांब असला की हेच.

तुडतुडा
अवांतर: आमच्या वाडीच्या टेनिस बॉल क्रिकेटचा लिलाव झाला. मुंबईहून आलेल्या एका सलामीवीरावर दोन संघमालकांची जुंपली, ४१ हजारांवर गेला. पहिल्या सामन्यात तीन धावा. दुसऱ्यात पाऊस. तिसऱ्यात त्याची गाडी होती म्हणून निघून गेला. संघमालक आता त्याला "आयकॉन" म्हणत नाही, दुसरं काहीतरी म्हणतो.

निवृत्त_मास्तर
पूर्वी दशावतारातल्या राजपार्टाबद्दल आमच्याकडे म्हणत, "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा." पेटारा स्वतः उचलून पुढच्या गावाला चालत जायचा. हल्ली उलटं झालं आहे. राजा गाडीने जातो, बोजा मंडळाच्या डोक्यावर.

तुडतुडा
मास्तर _/\_

लँकेशायरची_लेक
मी सावंतवाडीची, आता बरी या गावाजवळ राहते. इथल्या क्लबचं लिहिते, कारण खारेवाराच्या खानावळवाल्या काकूंवर कुणीच थांबलेलं नाही, एक बांगडाफ्राय सोडून.

बरी एफसी १८८५ चा. दोनदा एफए कप, म्हणजे इंग्लंडची जुनी बाद स्पर्धा, जिंकलेला. मधल्या एका मालकाने खेळाडू आणले, पगार वाढवले, स्टेडियमवर कर्ज काढलं. एवढंच नाही, स्टेडियमच्या गाड्या लावायच्या जागासुद्धा एकेक करून गुंतवणूकदारांना विकल्या! मग क्लब एका पौंडाला दुसऱ्याच्या हातात गेला. २०१९ च्या वसंतात पगार थकलेले असताना पोरांनी खेळून क्लबला वरच्या पातळीवर चढवलं. त्याच ऑगस्टमध्ये, २७ तारखेला, लीगने क्लबला काढूनच टाकलं. त्या दिवशी सकाळी गावातली माणसं झाडू-बादल्या घेऊन स्टेडियम साफ करत होती. शेवटच्या क्षणी कोणीतरी विकत घेईल, मग शनिवारी सामना होईल, मैदान घाण नको, म्हणून.

माझ्या शेजारच्या आजी अजून त्या स्टेडियमसमोरून जाताना बसमध्ये खिडकी बदलतात. लोकांनी पैसे उभे करून मैदान परत मिळवलं, क्लब पुन्हा उभा केला, खालच्या पायऱ्यांवर खेळतो. पण ज्यांचे पाच-पाचशे पौंड बुडाले, पाव पुरवणारा, छपाईवाला, त्यांचं नाव कुठल्याच बातमीत येत नाही.

सीए_रत्नांग्री
लेक, त्याचा तर नियमच आहे. इंग्लिश फुटबॉलमध्ये क्लब बुडाला तर "फुटबॉलचे" देणेकरी, म्हणजे खेळाडू आणि दुसरे क्लब, यांना आधी पूर्ण पैसे. उरलं तर बाकीच्यांना रुपयात काही पैसे. पोर्ट्समथने २००८ ला एफए कप जिंकला आणि २०१० ला ते दिवाळखोरीमुळे प्रशासकाच्या ताब्यात गेलं, ९ गुण कापले गेले, संघ घसरला. थकलेल्यांच्या यादीत सेंट जॉन अॅम्ब्युलन्स ही संस्थाही होती, सामन्यात कोणी चक्कर येऊन पडलं तर धावणारी. सरकारचं करखातं या नियमाविरुद्ध कोर्टात गेलं आणि २०१२ ला हरलं.

खारेवारा
थांबा. म्हणजे त्या नियमाने माझ्याकडचे ९५ हजार आधी, आणि काकू नंतर?

सीए_रत्नांग्री
त्या नियमाने, हो. आणि अध्यक्षांनी कागद करून तारण घेतलं असतं तर ते सगळ्यांच्या आधी.

बांगडाफ्राय
तो नियम थंय विलायतेत ठेवा. काकू आधी.

फातोर्डा_पूर्वस्टँड
खेळाडू का नंतर? तोही घरी पैसे पाठवतो. बांगडाफ्राय, तुझ्या गावात येऊन आठ महिने त्याने पाय झिजवलेत. काकूंकडे निदान घर आहे, दोन गिऱ्हाइकं आहेत.

बांगडाफ्राय
गिऱ्हायकां आसत म्हणान फुकट जेवण घालूचा?

आंबेवाली
भांडू नका. अध्यक्षांचे १ लाख ४५ हजार शेवटी. ज्याने ठरवलं त्याने थांबावं. एवढं साधं आहे.

कॅम्पनोऊचा_कावळा
उपाय सुचवतो, जर्मनीसारखं करा. तिथे ५०+१ नियम, मतांचा बहुमत हिस्सा सभासदांकडे. सभासदांच्या हातात क्लब असला की असले अध्यक्ष होत नाहीत.

सीए_रत्नांग्री
कावळेबुवा, बार्साचे मालक कोण? सभासदच ना? जर्मनीचा शाल्के ०४ सुद्धा सभासदांचाच, २०२१ ला २० कोटी युरोंहून जास्त कर्ज घेऊन घसरला. सभासदांनाही कप हवाच असतो. निवडणूक जिंकायला स्ट्रायकर आणतो म्हणणारा उमेदवार बरा वाटतो, गटार दुरुस्त करतो म्हणणारा नाही. असहमत.

लँकेशायरची_लेक
अर्धी असहमत. पोर्ट्समथ २०१३ मध्ये समर्थकांनीच एकेक हजार पौंडांचा हिस्सा घेऊन वाचवला. चौथ्या पातळीवर पडलेला क्लब त्यांनी देणी फेडून २०१७ ला एक पायरी वर चढवला, आणि त्याच वर्षी मतदान करून विकला. सभासद शहाणे होतात, पण एकदा बुडाल्यावर.

तुडतुडा
रविवार झाला की. खारेवारा कुठे आहे? सभेत आडवा झाला काय?

खारेवारा
जिवंत आहे. वृत्तांत देतो.

सभेला एकतीस माणसं. एरवी कोरम होत नाही. मी लीड्सचं सांगायला सुरुवात केली तर मागून एक जण, "तो गोल्डफिश तळलो काय?" म्हणून विचारता झाला. मग लीड्स सोडलं आणि आंबेवालींचं कल्टार सांगितलं. सभागृह एकदम शांत. निम्म्यांच्या बागा आहेत.

स्ट्रायकर रद्द. अध्यक्ष म्हणाले, मग मीही नको, माझे पैसे गणपतीपर्यंत द्या. त्यावर मास्तरांचा प्रश्न मी त्यांनाच विचारला, की कागद कुठे आहे. कागद नाही. त्यांचाही व्हॉट्सअॅपच. तिथे जरा हशा झाला, तो त्यांना लागला, आणि मलाही नंतर वाईट वाटलं. माणूस वाईट नाही हो. मुलाच्या फीचे पैसे घातले होते त्यांनी. त्यांचे शेवटी देणार, पण देणार, असा ठराव लिहिला. वहीत, शाईने.

काकूंचे ६२ हजार सभेतच वर्गणी करून ४० निघाले, उरलेले या महिनाअखेर. गाडीवाला म्हणाला मी डिसेंबरपर्यंत थांबतो, माझा पोरगा तुमच्याकडे गोलकीपर आहे. खेळाडूंपैकी धाकटा थांबायला तयार आहे. महिना ८ हजार, शिवाय बक्षीस आलं तर त्यात वाटा, आणि सकाळी शाळेच्या पोरांना शिकवायचं. हे मी सुचवलं नाही, त्यानेच विचारलं. थोरला गेला. त्याचे थकलेले ५२ हजार. त्यातले ३० मी परवा पाठवले.

दर्यावर्दी
उरलेले २२ कुठून?

खारेवारा
मैदानावरचा जनरेटर विकतोय. आता संध्याकाळी साडेसहापर्यंत खेळायचं, मग घरी.

फातोर्डा_पूर्वस्टँड
खारेवारा, थोरला आमच्या वाड्याशेजारचाच निघाला. काल तिंट्यावर भेटला. ३० मिळाले म्हणाला. पण ५२ नाही, ५५ थकलेत असं सांगतो. तीन हजाराचा घोळ आहे.

खारेवारा
तीन हजार बुटांचे कापले. बूट मंडळाचे होते, घालून गेला. परत पाठव म्हणावं, तीन हजार त्याच दिवशी पाठवतो.

फातोर्डा_पूर्वस्टँड
बूट आता त्याचा भाऊ घालतो.

बांगडाफ्राय
भाऊ स्ट्रायकर आसा काय?